नऊवारीत पडदा गाजवणाऱ्या हंसा वाडकर मराठवाड्यातल्या एका खेड्यात अडकून पडल्या होत्या

जालन्यात हळद असो, कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर गणपतीतला कार्यक्रम असो, एक डान्स ठरलेला असतो. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, अंबाड्यावर गजरा, पायात चाळ आणि स्पीकरवर 'बुगडी'ची ती लावणी. समोर वीस मोबाइल वर झालेले असतात आणि रात्रीच रील पडतं.

गाणं आशा भोसले यांचं, शब्द गदिमांचे, संगीत वसंत पवारांचं, पडद्यावर जयश्री गडकर आणि सिनेमा १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका'. इतकं बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण त्याच सिनेमात आणखी एक नटी होती. जयश्रीबाई तेव्हा नवीन होत्या, ही मात्र मुरलेली. तमाशापटाची नायिका कशी दिसते, कशी उभी राहते, कशी बघते हे प्रेक्षकांनी आधी तिच्याकडे बघून ठरवलं होतं. पुढे तिने स्वतःच्या आयुष्याचं पुस्तक केलं आणि त्याला या सिनेमाचंच नाव दिलं.

तिचं नाव हंसा वाडकर.

२४ जानेवारी १९२३ हा त्यांचा जन्मदिवस. खरं नाव रतन, वडील भालचंद्र साळगावकर. घराण्याचं मूळ कोकणात, सावंतवाडीकडे, आणि कूळ कलावंतिणींचं. गाणं या घरात पिढ्यान् पिढ्या होतं. ऐकायला लोक यायचे, दाद द्यायचे, बिदागी द्यायचे. पण त्याच लोकांच्या घरी सून म्हणून या घरातल्या मुलीला जागा नव्हती. १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, तेव्हा रतन अकरा वर्षांची होती. कायदा झाला म्हणून लोकांची नजर लगेच बदलली असं काही झालं नाही.

घरात पैशाची ओढाताण होती आणि मुलगी दिसायला देखणी होती. १९३६ साली 'विजयाची लग्ने' हा तिचा पहिला सिनेमा आला. पडद्यासाठी रतन साळगावकरची हंसा वाडकर झाली. वय तेरा.

त्या काळात चांगल्या घरच्या मुली सिनेमात जात नाहीत, असं सरसकट म्हटलं जायचं. दुर्गा खोटे सिनेमात आल्या त्याची चर्चा झाली, कारण त्या प्रतिष्ठित घरातल्या होत्या. हंसा आली तेव्हा कुणी भुवया उंचावल्या नाहीत. या घरातल्या मुलीने हेच करायचं असतं, असं लोकांनी आधीच धरून ठेवलं होतं.

मुंबईत बॉम्बे टॉकीजचा १९३९ सालचा 'नवजीवन' हा हिंदी सिनेमा तिला मिळाला. ही त्या वेळची देशातली अव्वल कंपनी होती. त्यानंतर पुण्याच्या प्रभातने १९४१ साली 'संत सखू' काढला आणि सखूचं काम हंसाला दिलं.

सखूची गोष्ट आपल्याकडे घराघरात माहीत आहे. कऱ्हाडची सून, सासरचा जाच, पंढरपूरला जायची ओढ. ती पळून जाऊ नये म्हणून घरचे तिला खांबाला बांधून ठेवतात. मग विठोबा स्वतः सखूचं रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो आणि सखू वारीला जाते. प्रभातच्या संतपटांना बायका मुलाबाळांसह यायच्या. ज्या घरांत हंसाला सून म्हणून कुणी घेतलं नसतं, त्या घरांतल्या सुना तिच्या सखूसाठी डोळे पुसत होत्या.

आणि सहा वर्षांनी हीच सखू पायात चाळ बांधून आली.

१९४७ साली राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' लागला. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, गदिमांची पटकथा, वसंत देसाईंचं संगीत. राम जोशी हा पेशवाईच्या उतरत्या काळातला सोलापूरचा ब्राह्मण शाहीर, जो घर सोडून तमाशाच्या फडात रमला. ते काम जयराम शिलेदार यांनी केलं आणि फडावरच्या बयेचं काम हंसाबाईंनी. सिनेमा हिंदीतही निघाला. पुढची वीस-पंचवीस वर्षं मराठी सिनेमा ज्या तमाशापटांवर जगला, त्यांची वाट या सिनेमाने पाडली.

इथे जरा थांबून त्या दिसण्याकडेच बघू, कारण आज रीलमध्ये जे दिसतं त्याचं मूळ तिथे आहे.

नऊवारी काही फक्त नाचणाऱ्या बायकांची नव्हती. तेव्हा घरोघरी बायका नऊवारीच नेसायच्या, शेतात निंदणी करणाऱ्याही आणि वाड्यात राहणाऱ्याही. काष्टा घातला की पाय मोकळे राहतात, म्हणून कामाला ती सोयीची. फरक नेसण्यात होता. फडावरची नऊवारी चापून चोपून नेसलेली, घोटा आणि चाळ दिसतील अशी वर घेतलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला. कापड तेच, पण नेसण्यावरून बाई घरातली की फडातली हे लांबून कळायचं.

सिनेमाने त्यात आणखी एक गोष्ट केली. चित्र कृष्णधवल होतं, म्हणजे हिरवी साडी काय आणि जांभळी काय, पडद्यावर दोन्ही करड्याच. मग दिसणार काय? जरीचा काठ, नथीचे मोती, गजऱ्याची पांढरी फुलं, काळेभोर केस. उजेड ज्यावर चमकतो तेवढंच डोळ्यात भरतं. पैठण आपल्या शेजारीच आहे. ज्यांनी घरातली जुनी पैठणी जुन्या फोटोत बघितली असेल त्यांना लगेच कळेल, की रंग कुठच्या कुठे जातो आणि पदर मात्र उजळून निघतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. फडावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाचणारीचे डोळे दिसत नाहीत, म्हणून तिथे सगळं मोठं करून दाखवावं लागतं, हात, मान, ठसका, सगळंच. कॅमेरा मात्र चेहऱ्यापाशी जातो. हंसाबाईंना हे नेमकं उमगलेलं होतं. त्या फार काही करत नाहीत. मान थोडी तिरपी, एक भुवई वर, नजर क्षणभर समोर आणि मग बाजूला. पुढच्या नायिकांनी यात खूप भर घातली, नाच वेगवान झाला, रंग आले. पण कमी करून जास्त सांगायची ती पद्धत मला आजही जास्त भारी वाटते.

आता याच काळात खऱ्या तमाशाचं काय चाललं होतं? ज्या कोल्हाटी, महार, मांग समाजांतल्या बायकांनी आणि पुरुषांनी ही कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली, ते कनातीत, बैलगाडीत, जत्रेत राबत होते. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात तमाशा अश्लील म्हणून त्यावर बंदीही आली होती, नंतर ती अटी घालून उठवली गेली. शहरातल्या थिएटरात मात्र तिकीट काढून सहकुटुंब तमाशा बघणं चालत होतं, फक्त तो पडद्यावरचा हवा होता. फडावरच्या बाईला मोठ्या सिनेमाची नायिका क्वचितच केलं गेलं. हंसाबाई फडातल्या नव्हत्या. पण कुळामुळे त्या घरातल्याही मानल्या गेल्या नाहीत, आणि या मधल्या जागेमुळेच ती भूमिका त्यांच्याकडे आली असावी.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका.

हंसाबाईंच्या जन्माआधी जेमतेम अडीच महिने, ९ नोव्हेंबर १९२२ ला, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात एक कृष्णवर्णीय मुलगी जन्माला आली. नाव डोरोथी डँड्रिज. आई नटी, घरात पैसा नाही, लहानपणापासून बहिणीबरोबर स्टेजवर नाचगाणं. हॉलिवूडच्या संगीतपटांचा तो सुवर्णकाळ होता, पण कृष्णवर्णीय बाईला त्यात मोलकरणीचं काम मिळायचं, नाहीतर एखादं गाणं. ते गाणंसुद्धा कथेपासून सुटं ठेवायचे. लीना हॉर्न ही एमजीएमची देखणी गायिका झगमगत्या गाऊनमध्ये येऊन गायची आणि निघून जायची. कारण दक्षिणेतल्या राज्यांत, जिथे वर्णभेद कायद्यानेच होता, थिएटरवाल्यांना तेवढा तुकडा कापून बाकीचा सिनेमा दाखवता आला पाहिजे. तिचा गाऊन, तिचे दागिने, तिच्यावरचा प्रकाश, सगळं पहिल्या दर्जाचं. पण गोष्टीत तिला जागा नाही.

डोरोथीला जागा मिळाली ती १९५४ च्या 'कार्मेन जोन्स'मध्ये. सगळे कलाकार कृष्णवर्णीय असलेला संगीतपट. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरला आधी वाटलं, ही फारच सभ्य दिसते, कार्मेन म्हणून शोभायची नाही. मग ती वेष, केस, चाल सगळं बदलून पुन्हा त्याच्यासमोर गेली आणि काम मिळवलं. खांदे उघडे टाकणारा काळा ब्लाउज आणि लाल स्कर्ट, हे तिचं रूप आजही त्या सिनेमाची ओळख आहे. सर्वोत्कृष्ट नायिकेच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय नटी ठरली. गंमत म्हणा की क्रूरपणा, पण ती स्वतः उत्तम गायिका असताना सिनेमात तिला आवाज मात्र दुसऱ्या, गोऱ्या गायिकेचा दिला होता. आणि एवढं झाल्यावरही पुढे तिच्यासाठी भूमिका नव्हत्या. हॉलिवूडच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायलाच मनाई होती, मग नायिका करायची कुणाची?

वर्ण आणि जात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची सरळ बरोबरी करता येत नाही. पण पडद्यावर जिच्यावरून नजर हलत नाही तिला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हा हिशेब दोन्हीकडे सारखा होता. हंसाबाईंचं पुढचं आयुष्य त्या उंबऱ्यापाशीच घडलं.

लहान वयातच त्यांचं लग्न जगन्नाथ बंदरकर यांच्याशी झालं. ते घराच्या ओळखीतले आणि वयाने बरेच मोठे. हंसाबाईंना वाटलं होतं, लग्न झालं की सिनेमा सोडायचा, घर करायचं, मुलं वाढवायची. झालं उलटंच. काम चालूच राहिलं, कारण घर त्यांच्या कमाईवर चालत होतं. करार नवरा ठरवायचा, पैसे तोच घ्यायचा आणि कुणाबरोबर बोललात म्हणून संशयही तोच घ्यायचा. एक मुलगी झाली. पुढे मूल हवं असतानाही होऊ दिलं गेलं नाही, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. हळूहळू दारू आयुष्यात आली. १९५० साली राजा परांजपे यांच्या 'पुढचं पाऊल'मध्ये पु. ल. देशपांडे यांच्यासमोर त्या नायिका होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या बाईला काय कमी आहे.

आणि मग नाव असताना, कामं असताना त्या एका माणसाबरोबर निघून गेल्या. थेट मराठवाड्यात.

हा माणूस पैसेवाला होता, खेड्यात त्याचं मोठं घर होतं. हंसाबाईंना तिथे घर मिळेल असं वाटलं. मिळालं, पण तिसरी बायको म्हणून.

थोडा त्या काळचा मराठवाडा डोळ्यांसमोर आणा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा भाग, जालन्यासकट, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. खेड्यात पक्का रस्ता नाही, वीज नाही, थिएटर फक्त मोठ्या गावात. मोठ्या घरातल्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. मुंबई-पुण्यात जिच्या नावावर तिकिटं खपत होती, ती बाई अशा घरात डोक्यावर पदर घेऊन सुमारे तीन वर्षं राहिली. घरकाम केलं, मोठ्या घराची रीत पाळली. बाहेर जायची मोकळीक नव्हती.

ही तीच नऊवारी होती. पडद्यावर ती कमरेला खोचलेली होती, इथे तिचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यांना तिथे कुणी पळवून नेलेलं नव्हतं. त्या आपणहून गेल्या होत्या. ज्या घरंदाजपणाला त्या जन्मापासून मुकल्या, तो मिळेल या आशेने गेल्या होत्या. आणि घरंदाजपणा आतून कसा असतो हे त्यांना तिथे कळलं. सखूला सोडवायला विठोबा आला होता. हंसाबाईंना चोरून पत्र पाठवावं लागलं, तेही ज्याच्यापासून त्या पळाल्या होत्या त्या नवऱ्यालाच. तो पोलिसांना घेऊन आला आणि त्या सुटल्या.

पण सुटकेच्या त्या प्रवासातही, कायद्याच्या खुर्चीवर बसलेल्या एका अधिकाऱ्याने आपल्यावर अत्याचार केला, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. ज्या काळात बायका असं काही सख्ख्या बहिणीलाही सांगत नव्हत्या, त्या काळात ते छापून आलं.

१९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. गावच्या पाटलाने केलेला अन्याय आणि त्याला तमाशाच्या फडावरून मिळालेलं उत्तर, अशी त्याची गोष्ट. पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये तो १३० आठवड्यांहून जास्त चालला. म्हणजे अडीच वर्षं! जयश्री गडकर त्यातून मोठ्या झाल्या आणि पुढची अनेक वर्षं तमाशापट त्यांच्या नावाने ओळखला गेला. हंसाबाईंसाठी ते शेवटचं मोठं यश ठरलं.

नंतरच्या वर्षांत काम कमी झालं, तब्येत ढासळली. याच काळात पत्रकार आणि पुढे 'सिंहासन'सारख्या कादंबऱ्या लिहिणारे अरुण साधू यांनी त्यांच्याकडून त्यांची हकिकत ऐकून ती शब्दांत उतरवली. आधी ती 'माणूस'मध्ये छापून आली आणि १९७० साली तिचं पुस्तक झालं. सिनेनटीचं आत्मचरित्र म्हणून ज्यांनी चटपटीत किस्से शोधायला पुस्तक उघडलं त्यांची पंचाईत झाली असेल. त्यात बाई स्वतःला कुठेही सोडत नाही. स्वतःची दारू, स्वतःचे पुरुष, स्वतःच्या चुका, सगळं आहे. रडगाणं नाही आणि माफीही नाही.

योगायोग असा, की त्याच १९७० साली डोरोथी डँड्रिजचंही आत्मचरित्र आलं. तेही तिने एका लेखकाला सांगून लिहून घेतलेलं. फक्त ते छापून आलं तेव्हा डोरोथीला जाऊन पाच वर्षं झाली होती. ८ सप्टेंबर १९६५ ला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कर्जबाजारी अवस्थेत ती वारली. हंसाबाईंना निदान आपलं पुस्तक हातात घेता आलं. १९७१ साली त्या गेल्या, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

डोरोथीच्या आयुष्यावर १९९९ साली हॅले बेरीने सिनेमा केला. त्यानंतर तीन वर्षांनी बेरी सर्वोत्कृष्ट नायिकेचा ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय नटी झाली आणि स्टेजवर तिने डोरोथीचं नाव घेतलं.

हंसाबाईंच्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' केला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. संशयी नवरा अमोल पालेकर आणि खेड्यातल्या मोठ्या घराचा तो मालक अमरीश पुरी. पुस्तक मिळालं नाही तरी हा सिनेमा सहज मिळेल, बघाच.

तो सुरू होतो लावणीच्या शूटिंगने. सेटवर झगमगाट, नऊवारीतली नटी, समोर कॅमेरा. मग काम थांबतं आणि नटी घरी जायला निघते.